करार, कौल, ब्रीद : बायबलमधील एका नात्याचे वाचन

बायबलचे दोन खंड मराठी वाचकाला 'जुना करार' आणि 'नवा करार' या नावांनी माहीत आहेत. ही नावे इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांतील 'करार' या शब्दापाशी सहसा कोणी थांबत नाही. थांबले तर मात्र तो शब्द अडचणीत टाकतो. करार घरमालक आणि भाडेकरू यांच्यात होतो, कारखाना आणि कामगार संघटना यांच्यात होतो, दोन राष्ट्रांत होतो. त्याला मुदत असते, अटी असतात. एका पक्षाने अट मोडली की दुसरा पक्ष मोकळा होतो. ज्या नात्यावर यहुदी आणि ख्रिस्ती अशा दोन धर्मपरंपरा उभ्या आहेत, त्या नात्याला हेच नाव मिळावे, हे चमत्कारिक वाटते.

इतर भाषांनी वेगळ्या वाटा काढल्या आहेत. हिंदी बायबलने ग्रंथाला 'नियम' म्हटले आणि देव-मानव नात्याला 'वाचा'. इंग्रजीने ग्रंथासाठी 'टेस्टामेंट' आणि नात्यासाठी 'कव्हनंट' अशी वाटणी केली. मराठीत ग्रंथाचे आणि नात्याचे नाव एकच आहे. त्यामुळे मराठी वाचकाच्या हाती, त्याने न मागताच, एक वाचनसूत्र येते : हा ग्रंथ म्हणजे त्या नात्याचाच दस्तऐवज होय. हे सूत्र मोलाचे आहे. परंतु ज्या शब्दातून ते हाती येते तो शब्द कचेरीतला आहे, कोरडा आहे, त्यात प्रेमाला जागा नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. तक्रार अर्धी खरी आहे. प्रस्तुत लेखात तिचा खरा अर्धा भाग मान्य करून उरलेल्या अर्ध्याविषयी वाद घालावयाचा आहे. त्यासाठी आधी बायबलमधील कराराचा वाङ्मयीन आकृतिबंध पाहिला पाहिजे, आणि मग मराठीत त्याच्या आसपास वावरणारे 'कौल' आणि 'ब्रीद' हे शब्द त्याच्याशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

मूळ हिब्रू शब्द 'बरीथ'. त्याच्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि आपल्याला तिची फारशी गरजही नाही. त्याच्याबरोबर येणारे क्रियापद अधिक बोलके आहे. हिब्रूत करार 'करीत' नाहीत, 'कापतात'. हे कापणे काय असते याचे दृश्य 'उत्पत्ती'च्या पंधराव्या अध्यायात आहे. म्हातारा, निपुत्रिक अब्राम देवाला विचारतो की हा देश माझा होईल हे मी कशावरून समजावे. उत्तरादाखल त्याला एक कालवड, एक शेळी, एक मेंढा, एक होला आणि एक पारव्याचे पिलू आणावयास सांगण्यात येते. तो जनावरे मधोमध चिरतो आणि अर्धुके समोरासमोर मांडतो. पक्षी चिरत नाही. मग बराच वेळ काहीच घडत नाही. मांसावर गिधाडे उतरतात, अब्राम त्यांना हाकलीत बसतो. (कथनकाराने ही गिधाडे का ठेवली असावीत? विधीच्या दृष्टीने त्यांची गरज नाही. वचन आणि पूर्ती यांमधला रिकामा वेळ माणूस कसा काढतो, हे मात्र त्यांनी एका वाक्यात सांगितले आहे.) सूर्य मावळताना अब्रामवर गाढ झोप आणि भयाचा काळोख पडतो, आणि अंधारात एक धुमसती भट्टी आणि एक जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते.

या विधीचा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायावरून कळतो. राजा सिद्कीयाच्या काळात यरुशलेमच्या लोकांनी वासराचे दोन भाग करून, त्यांमधून चालत जाऊन, आपल्या दासांना मुक्त करण्याचा करार केला आणि मागाहून त्याच दासांना पुन्हा धरून आणले. संदेष्टा त्यांना बजावतो की तुमची गत त्या वासरासारखी होईल. म्हणजे तुकड्यांमधून चालणे ही स्वतःविरुद्ध घेतलेली शपथ आहे : मी शब्द मोडला तर माझे असे तुकडे होवोत. आता अब्रामच्या दृश्याकडे परत यावे. तेथे चालतो कोण? अब्राम झोपलेला आहे. अग्नीच्या रूपाने चालतो तो देवच. शाप तो स्वतःवर ओढवून घेतो, आणि या प्रसंगी समोरच्याकडून एकही अट मागत नाही.

दोनच अध्यायांनंतर चित्र पालटते. सतराव्या अध्यायात करार 'कापला' जात नाही. तो 'दिला' जातो, 'स्थापला' जातो. पण सुंतेच्या रूपाने पाते आता माणसाच्या शरीरावर येते, आणि 'कापणे' हे क्रियापद शिक्षेच्या वाक्यात उतरते : सुंता न झालेला पुरुष आपल्या लोकांतून कापला जाईल. हे दोन अध्याय वेगवेगळ्या मूलस्रोतांतून आले आहेत, असे चिकित्सक अभ्यास सांगतो, आणि ते मान्य करण्यास हरकत नाही. परंतु आपल्यासमोर आहे ती संहिता दोघांना शेजारी ठेवणारी आहे. बिनशर्त वचन आणि सशर्त बांधिलकी यांतील ताण ग्रंथाने सोडवलेला नाही, सांभाळला आहे. पुढचे सगळे कथन त्या ताणावर चालते.

हा ताण विसाव्या शतकातील अभ्यासाने एका अनपेक्षित दिशेने उजळून काढला. हित्ती साम्राज्याच्या राजधानीत, आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे, मातीच्या पाट्यांवर कोरलेले तह सापडले होते. व्हिक्टर कोरोशेत्सने १९३१ मध्ये त्यांच्या रचनेचे विवेचन केले, आणि १९५४ मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल यांनी त्या रचनेचे सीनाय पर्वतावरील कराराशी असलेले साम्य दाखवून दिले. सम्राट आणि मांडलिक यांच्यातील या तहांत प्रथम सम्राटाचे नाव येते, मग त्याने मांडलिकासाठी पूर्वी काय काय केले त्याचा इतिहास, मग अटी, मग लेख कोठे ठेवावा आणि केव्हा वाचावा याची सूचना, मग साक्षीदार देवता, आणि त्यांच्याबरोबर पर्वत, नद्या, आकाश, पृथ्वी, शेवटी आशीर्वाद आणि शाप. पुढे १९५८ मध्ये डी. जे. वाइझमन यांनी अश्शूरचा राजा एसरहद्दोन याचे ख्रिस्तपूर्व ६७२ मधील तह प्रसिद्ध केले, आणि 'अनुवाद' या ग्रंथातील शापांशी त्यांचे नाते मोशे वाइनफेल्ड प्रभृतींनी तपासले. उलट बाजूने, कराराची कल्पना मुळात प्राचीन नाहीच, संदेष्ट्यांनंतरच्या काळाने ती घडवली, असा वेलहाउझेनपासून चालत आलेला पक्ष १९६९ मध्ये लोथार पेर्लिट यांनी नव्याने मांडला. कालनिर्णयाचा हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की या साच्यात अटींच्या आधी गोष्ट येते.

दहा आज्ञांचे उदाहरण पाहावे. 'निर्गम'च्या विसाव्या अध्यायात पहिल्या आज्ञेच्या आधी देव आपली ओळख करून देतो. ती तो विशेषणांनी करून देत नाही. मी सर्वशक्तिमान, मी अनादि, असे म्हणत नाही. मिसरच्या दास्यातून तुम्हाला काढणारा तो मी, असे म्हणतो. ओळख म्हणजे घडून गेलेली एक गोष्ट. भाडेकरारात घर आधी मिळत नाही. सही आधी, किल्ली नंतर. येथे किल्ली आधीच दिलेली आहे, समुद्र ओलांडून झाला आहे, आणि मग सही मागितली जाते. आज्ञा पाळणे हे सुटकेचे मोल राहत नाही. सुटका झालेल्या माणसाने कसे जगावे याचे ते वर्णन ठरते. करार या शब्दाविरुद्धच्या तक्रारीत खरे आहे ते इतके : आजच्या मराठीतील 'करार' ही गोष्ट गिळून टाकतो आणि अटी तेवढ्या शिल्लक ठेवतो.

मराठीच्या जुन्या दप्तरात मात्र या साच्याला अधिक जवळचा शब्द आहे. तो म्हणजे 'कौल'. स्वारीने किंवा दुष्काळाने गाव ओस पडले, रयत परागंदा झाली, की सत्ताधीश कौल देई : परत या, जमीन लावा, सुरुवातीची वर्षे सारा हलका घेऊ, तुम्हाला उपद्रव लागणार नाही. कौल वरून येतो, आणि तो आधी अभय देतो. रयत त्यावर भरवसा ठेवून परतली की मग तिच्यावर कर्तव्ये येतात. कोकणात आणि गोव्यात हाच शब्द देवळातही आहे. देवाला कौल लावतात आणि पाकळी कोणत्या बाजूची पडते ते पाहतात. राजाचे आश्वासन आणि देवाचे उत्तर यांना एकच शब्द असलेली भाषा बायबलमधील कराराला परकी मानण्याचे कारण नाही. तरी कौलात दोन गोष्टी कमी पडतात. त्यात पूर्वेतिहास सहसा नसतो, आणि शाप नसतो.

शाप आपल्याकडे शिळांवर सापडतो. शिलाहार काळापासूनच्या, गद्धेगाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दानशिळांवर वर सूर्य-चंद्र कोरलेले असतात आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली, चित्रासह कोरलेली शिवी. सूर्य-चंद्र हे अवधीचे चिन्ह : ते आहेत तोवर हे दान चालावे. एकोणनव्वदाव्या स्तोत्रात दाविदाच्या वंशाला दिलेल्या वचनाची मुदत सांगताना नेमके सूर्य आणि चंद्रच येतात, आणि आकाशातील साक्षीदाराचा उल्लेख येतो. 'यहोशवा'च्या शेवटच्या अध्यायात तर धोंडाच साक्षीदार केला आहे. यहोशवा लोकांना सांगतो की या धोंड्याने सगळे शब्द ऐकले आहेत. आपल्या शिळेवरचे चित्र बघून संकोचणाऱ्या वाचकाने 'अनुवाद'चा अठ्ठाविसावा अध्याय सलग वाचावा. तेथील शाप सभ्य नाहीत. करार हा सुखद भावनांचा शब्द नाही, हे जाणण्यास दोन्ही ठिकाणे उपयोगी आहेत.

'अनुवाद' हे नावही थोडे थांबण्याजोगे आहे. इंग्रजी नावामागे 'दुसरे नियमशास्त्र' अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मराठी भाषांतरकारांनी 'अनुवाद' म्हटले, आणि आज आपण त्याचा अर्थ भाषांतर असा घेत असल्याने ते नाव गमतीचे वाटते. परंतु अनु-वाद म्हणजे मागाहून पुन्हा सांगणे, आणि हा ग्रंथ तेच करतो. मवाबाच्या मैदानात मोशे ज्यांच्याशी बोलतो त्यांतील बहुतेक लोक सीनायच्या पायथ्याशी नव्हते. ती पिढी रानात संपली. तरीही पाचव्या अध्यायात तो त्यांना सांगतो की हा करार आपल्या पूर्वजांशी नव्हे, आज येथे जिवंत असलेल्या आपणा सर्वांशी केलेला आहे. ऐतिहासिक दृष्ट्या हे विधान खोटे आहे. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत ते विधानच नाही. ते कृती करणारे बोलणे आहे. बोलण्याच्या क्षणी ते ऐकणाऱ्याला करारात ओढून घेते. ग्रंथ आणि नाते यांना एकच नाव देणाऱ्या मराठीने येथे नेमके मर्म पकडले आहे : हा मजकूर वाचून दाखवला जातो तेव्हा तो जुन्या कराराची हकीकत राहत नाही, तोच करार पुन्हा घडतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळावे. करार मोडतो. बायबलमधील कराराची गोष्ट ही बव्हंशी तो मोडल्याची गोष्ट आहे. आणि मोडल्यावर काय होते, यावर त्या नात्याचे स्वरूप ठरते. व्यवहारातला करार मोडला की पक्ष मोकळे होतात. येथे ते न्यायालयात जातात. संदेष्ट्यांच्या वाङ्मयात खटल्याचा एक प्रकारच रूढ आहे. मीखाच्या सहाव्या अध्यायात देव पर्वतांना आणि पृथ्वीच्या पायांना साक्षीस बोलावतो आणि लोकांना विचारतो की मी तुम्हाला कोणता त्रास दिला ते तरी सांगा. फिर्यादीच विनवणी करतो, असा हा विलक्षण खटला आहे. होशेयच्या हातून खटला संसारात शिरतो. पत्नी गोमर, मुलांची नावे 'दया न मिळालेली' आणि 'माझे लोक नव्हेत' अशी. दुसऱ्या अध्यायाचा आरंभ काडीमोडाच्या भाषेने होतो आणि शेवट नव्या वाङ्निश्चयाने. या रूपकातील पुरुषी हिंसेवर स्त्रीवादी समीक्षेने जो आक्षेप घेतला आहे तो टाळता येणार नाही. विवस्त्र करण्याची धमकी प्रेमाच्या नावाखाली झाकता येत नाही. पण त्याच रूपकाने एक गोष्ट शक्य केली. देव दुखावला जाऊ शकतो, हे म्हणण्याची सोय केली.

खटला उलट दिशेनेही चालतो, आणि मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा वाटावा असा भाग हाच. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात लोक देवाला सांगतात की आम्ही तुझा करार मोडलेला नाही, तुला विसरलो नाही, तरी तू आम्हाला चिरडलेस. झोपला आहेस काय, ऊठ. एकोणनव्वदावे स्तोत्र आधी देवाच्या शपथेचे भरघोस गुणगान करते आणि मग एकाएकी वळून विचारते की मग तू तुझ्या सेवकाशी केलेला करार का झिडकारलास. आपल्या संतकवींनी देवाशी केलेली भांडणे येथे सहज आठवतात. नामदेव, जनाबाई, तुकाराम हे विठ्ठलाला जाब विचारतात, टाकून बोलतात. त्यांच्या हातातील शस्त्र म्हणजे देवाचे 'ब्रीद'. 'बिरुद' शब्दापासून आलेला हा शब्द राजदरबारातून भक्तीत आला : तू स्वतःला पतितपावन म्हणवतोस, तर मला तारून ते खरे कर, नाहीतर ब्रीद सोडून दे.

ब्रीद आणि करार यांतील फरक सूक्ष्म आहे. ब्रीदाचा आधार देवाने धारण केलेल्या नावात आहे. भक्त देवाच्या लौकिकाला, त्याच्या लाजेला हात घालतो. आपल्याला त्याने पूर्वी काही दिले होते असे त्याला दाखवावे लागत नाही. कराराचा आधार एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसांना दिलेल्या शब्दात आहे. ब्रीद सर्व पतितांसाठी खुले आहे. करार नावानिशी आहे. बायबलला हे दोन्ही युक्तिवाद ठाऊक आहेत, आणि एका ठिकाणी ते एकापाठोपाठ येतात. 'निर्गम'च्या बत्तिसाव्या अध्यायात लोक सोन्याचे वासरू घडवतात, आणि देव मोशेला सांगतो की मला अडवू नकोस, मी यांचा संहार करतो आणि तुझेच मोठे राष्ट्र करतो. मोशे प्रथम म्हणतो की मिसरी लोक काय म्हणतील. डोंगरात नेऊन मारण्यासाठीच यांना बाहेर काढले असे म्हणतील. हा शुद्ध ब्रीदाचा युक्तिवाद आहे. लगेच तो दुसरा हुकमी मुद्दा टाकतो : अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांची आठवण कर, त्यांना तू स्वतःची शपथ वाहिली आहेस. हा कराराचा. देव माघार घेतो. संहिता तसे स्पष्ट म्हणते, आणि पुढे शतकानुशतके भाष्यकारांना त्यावर सारवासारव करावी लागली.

या प्रसंगात आणखी एक सौदा नाकारला गेला आहे. मोशेला एकट्याला वाचण्याची, किंबहुना नवा अब्राहाम होण्याची संधी दिली होती. त्याने ती उचलली नाही. करार व्यक्तीशी सुरू होतो पण व्यक्तीपाशी राहू शकत नाही. त्याचा दुसरा पक्ष नेहमी 'लोक' हा असतो, आणि तेही दास्यातून सुटलेले, ओळख नसलेले लोक. संतांच्या भांडणात भक्त एकटा विटेसमोर उभा असतो. वारी त्याच्या मागे असली तरी भांडण त्याचे स्वतःचे असते. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रातले भांडण 'आम्ही' करतो. मला वाटते, ब्रीदापेक्षा कराराचे वेगळेपण सर्वांत ठळकपणे कोठे असेल तर या सर्वनामात.

म्हणूनच 'करार' हा शब्द टाकून 'वाचा', 'वचन', 'प्रेमबंध' असा एखादा मऊ शब्द घ्यावा, हे मत मला पटत नाही. वचनावर विश्वास ठेवता येतो, त्याच्यासाठी झुरता येते. पण त्यावरून फिर्याद करता येत नाही. करारावरून येते. अरबीत 'करार' म्हणजे स्थिरपणा, ठरलेपणा. मराठीत त्याचे विशेषण 'करारी' माणसाच्या स्वभावाला लावतात, आणि तेथे तो शब्द अजिबात कोरडा नाही. करारी माणूस म्हणजे शब्दाला न ढळणारा. व्यवहारातील नामाने गमावलेले काही त्या विशेषणाने जपून ठेवले आहे.

नव्या कराराकडे येताना शब्दाचा प्रवास आणखी गुंतागुंतीचा होतो. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियाच्या यहुदी भाषांतरकारांनी 'बरीथ'साठी ग्रीकमधील 'सिंथेके' हा तहाचा नेहमीचा शब्द टाळला. त्यातील 'सिन्' हा उपसर्ग आपल्या 'सम्'सारखा. दोन पक्ष एका पातळीवर आहेत असे तो सुचवतो. त्यांनी घेतला 'दियाथेके', ज्याचा व्यवहारातील अर्थ मृत्युपत्र. पुढे अक्विलाने 'सिंथेके' परत आणला, पण तोवर ख्रिस्ती लेखकांच्या हाती 'दियाथेके' पडला होता. गलतीकरांस लिहिताना पौल त्या शब्दातील मृत्युपत्राचा अर्थ कामाला लावतो, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायाने त्यावर आपला युक्तिवादच रचला : मृत्युपत्र करणारा मेल्याखेरीज ते लागू होत नाही, म्हणून ख्रिस्ताचे मरण आवश्यक. ग्रीकमध्ये हा श्लेष आहे. लॅटिनमध्ये 'तेस्तामेंतुम'मुळे तो टिकला आणि तेथून युरोपातील भाषांत ग्रंथाचे नाव होऊन बसला. मराठीत तो साधत नाही. 'करार' म्हणत आलेल्या वाचकासमोर एकाएकी 'मृत्युपत्र' येते आणि शिवण उसवलेली दिसते. भाषांतराचा हा दोष मानतात. मला तो वाचकाच्या फायद्याचा वाटतो, कारण एका शब्दाच्या दोन अर्थांवर केवढी मोठी मांडणी उभी आहे, हे मूळात न दिसणारे सत्य तेथे दिसते. आणि अंधारातील जुने दृश्यही आठवते : तुकड्यांमधून एकटाच चालून गेलेला पक्ष. शेवटच्या भोजनात येशू पेला हाती घेऊन आपल्या रक्तातील कराराविषयी बोलतो, तेव्हा 'निर्गम'च्या चोविसाव्या अध्यायातील लोकांवर शिंपडलेले रक्त तर त्यामागे आहेच. पण अब्रामच्या रात्रीचा शापही, ख्रिस्ती वाचनात, त्याच पेल्यात उतरतो.

'नवा' हे विशेषण यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातले. तेथे देव इस्राएलाच्या आणि यहूदाच्या घराण्याशीच नवा करार करणार आहे आणि नियमशास्त्र दगडाऐवजी अंतःकरणावर लिहिणार आहे. पक्ष बदललेला नाही, लेखाची जागा बदलली आहे. ख्रिस्ती परंपरेने शतकानुशतके याचा अर्थ जुना करार रद्द झाला असा घेतला, आणि यहुद्यांच्या बाबतीत त्याचे परिणाम भयंकर झाले. दुसऱ्या महायुद्धातील यहुदी संहारानंतर हे वाचन बदलू लागले. १९६५ मधील 'नोस्त्रा एताते' या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्राने दिशा दिली, आणि १९८० मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी देवाने कधीही मागे न घेतलेला जुना करार असा उल्लेख केला. मराठीत येथे 'करार' शब्दाचा धोका खरोखर जाणवतो. जुना करार म्हटले की मुदत संपलेला कागद डोळ्यांसमोर येतो. धर्मोपदेशक काहीही सांगोत, वाचकाच्या मनात हे काम विशेषणच करून टाकते.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने या कल्पनेचे काय केले? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. त्याचे दोन भाग 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण'. स्टीफन्स यांनी नात्याचे नाव ग्रंथाला दिले नाही, कथनाचे दिले. अटींच्या आधी गोष्ट येते हा न्याय त्यांच्या ओवीला आपोआप साधला. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी भाषांतरांच्या परंपरेतून 'करार' रूढ झाला, आणि गोष्ट मागे पडली. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर जी अभंगरचना केली तीत ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे, सखा आहे. संतपरंपरेचा हा वारसा ख्रिस्ती भक्तीत आणून त्यांनी मराठी कवितेवर आणि मराठी चर्चवर फार मोठे उपकार केले. पण कराराची भाषा त्या अभंगांत क्षीण आहे. माउलीशी करार कोण करील? आणि तिच्यावर खटला कोण भरील? टिळकांचे 'मी' आर्त आहे; स्तोत्रांतील 'आम्ही' त्यांच्याकडे क्वचित येते. याला एक सामाजिक बाजूही असावी. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. 'माझे लोक नव्हेत' असे नाव मिळालेल्यांना लोक करणारा करार ही त्यांची गोष्ट होती. टिळक आले ते ब्राह्मण घरातून, एकट्याने, शोध घेत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा ठेवली, तेव्हा राजा आणि त्याचे लोक हे कराराचे जुने रूपक त्यांना सापडत होते असे वाटते. दोन वर्षांत ते गेले.

मराठीत बायबलच्या अर्थाने करार वाचावयाचा असेल तर तो वेगळ्याच पुस्तकात सापडतो, असे माझे मत आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये धर्मशास्त्रीय परिभाषा जवळजवळ नाही. आहे तो एक मोडलेला आणि न मोडलेला संसार. नवरा न सांगता निघून जातो, घरातले देऊन टाकतो, धर्म बदलतो; मधली काही वर्षे दोघे वेगळी राहतात; ती रडते, चिडते, जाब विचारते, हसते, आणि अखेर स्वतःच्या पायांनी परत येते, स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेते. होशेयने जे रूपक नवऱ्याच्या बाजूने सांगितले ते येथे बायकोच्या तोंडून आले आहे. आणि येथे सोडून गेलेला पक्ष तो आहे, ती नव्हे. तिच्या भांडणात एकोणनव्वदाव्या स्तोत्रासारखाच आधी दिलेल्या शब्दाचा हिशोब आहे, आणि तो हिशोब नाते संपवण्यासाठी मांडलेला नाही. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूने आरंभीच्या अध्यायांतच थांबले होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी.